चाकावरचं ते काळं प्लॅस्टिक काढून टाकू नका

गाडीच्या चाकाच्या वर, पत्र्याच्या आतल्या बाजूला, कमानीसारखं वळलेलं एक काळं प्लॅस्टिक असतं. कुणी त्याला व्हील आर्च लायनर म्हणतं, कुणी फेंडर लायनर. ते फाटलं की हमखास एक सल्ला मिळतो : "काढून टाका, काही होत नाही." मलाही मिळाला होता. मी तो मानला, आणि पुढे जे निस्तरावं लागलं त्यामुळे आज हे लिहितेय.

गाडी वळवताना पुढच्या एका चाकाकडून खरखर यायची. वाकून पाहिलं तर लायनरची बंपरकडची कड सुटून टायरला लागत होती. टायरनं घासून घासून पंजा जाईल एवढं भगदाड पाडलं होतं. गॅरेजमध्ये दोन मिनिटांत तो ओढून काढला. आवाज थांबला आणि मी विषय विसरून गेले. पावसाळा लागल्यावर आधी हॉर्न घोगरा झाला, मग बंदच पडला. फॉगलॅम्पचा कनेक्टर उघडला तर आत हिरवी पूड. वायरिंगच्या जोडावर चिखलाचा थर वाळून दगड झालेला. जे प्लॅस्टिक काढल्यानं 'काही होत नाही' ते नेमकं हे सगळं झाकायला होतं.

गाडी ताशी ८० किलोमीटरनं जात असेल तर टायरवरून सुटलेला खडा गाडीच्या अंगावर साधारण त्याच वेगानं आदळतो. पाणीही तसंच. पुढच्या लायनरच्या मागे बहुतेक गाड्यांमध्ये काचेवर फवारायच्या पाण्याची टाकी, हॉर्न, हेडलॅम्पची मागची बाजू आणि वायरींचे जोड असतात. काही गाड्यांमध्ये इंजिनला हवा पुरवणारी नळी तिथूनच हवा ओढते. मागच्या चाकात अनेकदा इंधन भरायची नळी असते. एवढं सगळं उघडं टाकून गाडी चालवायला सांगणं हा सल्ला म्हणून मला मान्य नाही.

आता लायनर का फाटतो, ते बघा. लायनर बहुधा पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिइथिलीनचा असतो. लवचीक असतो, सहज तुटत नाही. पण तो ज्या क्लिपांवर टांगलेला असतो त्या बहुधा नायलॉनच्या, आणि उन्हानं, उष्णतेनं त्या ठिसूळ होतात. खालच्या बाजूनं बंपर फुटपाथच्या कडेला घासला की एखाददुसरी गळते. कुणाच्या लक्षात येत नाही. मग समोरून येणारा वारा सुटलेली कड मागे ढकलतो, स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर तिला पकडतो आणि मग सगळंच ओरबाडून निघतं. माझ्या गाडीत असंच झालं असणार, कारण बंपरकडच्या तीन भोकांपैकी एकातच क्लिप होती.

पण घासल्याची खूण कडेला नसून मधोमध असेल, प्लॅस्टिक तिथे गुळगुळीत होऊन चमकत असेल, तर क्लिपांना दोष देऊ नका. मापापेक्षा रुंद टायर, बाहेर आलेली रिम किंवा दबून खाली बसलेली स्प्रिंग, यांपैकी काहीतरी असतं. ते तसंच ठेवून नवा लायनर लावलात तर तोही खाल्ला जाईल.

दुरुस्त करायचा की बदलायचा? माझं मत स्पष्ट आहे. मधेच चीर गेली असेल आणि क्लिपांची भोकं शाबूत असतील तर दुरुस्त करा, नव्याची गरज नाही. शेजारशेजारची दोन-तीन भोकं फाटली असतील किंवा वायरिंगसमोरचा तुकडाच गायब असेल तर बदला. काही गाड्यांना नमद्यासारखा, कापडी पोताचा लायनर असतो. तो रस्त्याचा आवाज कमी करतो, पण एकदा थर सुटून लोंबायला लागला की त्याला वितळवून जोडता येत नाही. तोही बदलायचाच.

दुरुस्तीत सगळ्यात जास्त वेळ वाया जातो तो गोंदात. मीही घालवला. या दोन्ही प्लॅस्टिकना नेहमीचा कुठलाही गोंद नीट धरत नाही. झटपट चिकटवणारा असो की दोन नळ्यांचा इपॉक्सी, वाळल्यावर खपलीसारखा निघून येतो. इथे टाकेच घालावे लागतात. लायनर काढून धुवा, पूर्ण वाळू द्या. चीर जिथे संपते तिथे ३ मिलिमीटरचं भोक पाडा, म्हणजे ती पुढे सरकत नाही. ही एक गोष्ट चुकवू नका. मग चिरेच्या दोन्ही बाजूंना, कडेपासून साधारण १ सेंटिमीटर आत, २-३ सेंटिमीटरवर भोकं पाडत जा आणि काळ्या केबल टायनं शिवून घ्या. टायची गाठ टायरच्या विरुद्ध बाजूला ठेवा, शेपूट बुडाशी कापा. भोक मोठं असेल तर जुन्या प्लॅस्टिकच्या पिंपाचा तुकडा मागून लावा, चारही बाजूंनी २-३ सेंटिमीटर जास्तीचा, आणि दोन्हीकडे रुंद वॉशर देऊन रिव्हेट मारा. वॉशर नसेल तर रिव्हेट मऊ प्लॅस्टिकमधून सरळ बाहेर येतो.

प्लॅस्टिक वेल्डिंगही उत्तम होतं, पण सळई त्याच जातीची हवी. लायनरच्या मागे बाणांच्या कंसात पीपी किंवा पीई असं छापलेलं असतं, ते आधी वाचा. पॉलिप्रॉपिलीन सुमारे १६० अंशांना वितळतं, पॉलिइथिलीन १३०च्या आसपास, आणि दोघं एकमेकांना धरत नाहीत. हे काम लायनर गाडीवरून उतरवून, उघड्या हवेतच करा. इंधनाच्या नळीजवळ गरम हवेची बंदूक चालवायची नाही.

एका गोष्टीचा मला मनापासून राग येतो : क्लिप नाही म्हणून ठोकलेला लांब स्क्रू. त्याचं टोक टायरकडे असलं तर टायरच्या बाजूच्या भिंतीला चिरा पडू शकतात, आणि ती भिंत पंक्चरसारखी दुरुस्त होत नाही. टोक आत पत्र्यात गेलं तर गंजाला वाट मिळते आणि मागची वायर सापडली तर आणखी घोळ. क्लिपा छोट्या असतात, सहज मिळतात. जुनी एक धड क्लिप सोबत न्या आणि भोकाचं माप जुळवून घ्या, कारण १ मिलिमीटरच्या फरकानंही ती सैल बसते. पोकळीत फुगणारा फोम भरणं हाही तसाच प्रकार. आत ओल अडकून राहते.

लायनर उतरला की मागच्या खालच्या कोपऱ्यात हात घाला, जिथे फेंडर दाराखालच्या पट्टीला मिळतो तिथे. पानं आणि माती मूठमूठ निघते. ती ओल धरून ठेवते आणि पत्रा आतून सडतो. बाहेर रंगावर फोड दिसेपर्यंत आत बरंच गेलेलं असतं. माझ्या गाडीत गंजाची नुसती सुरुवात होती. घासून, वाळवून, गंजरोधक लावून मगच नवा लायनर चढवला.

हो, नवाच घ्यावा लागला. जुना त्या दिवशीच कचऱ्यात गेला होता. घेताना चेसिस नंबर देऊन मागवा. डावा-उजवा वेगळा असतो, बऱ्याच गाड्यांत एकाच चाकाला पुढचा आणि मागचा असे दोन तुकडे येतात, आणि त्याच मॉडेलचा बंपर बदलला की लायनरही बदलतो. भंगारातल्या त्याच मॉडेलच्या गाडीचा धड लायनर मिळाला तर मी तोही बेलाशक घेईन.

चाक काढणार असाल तर नुसत्या जॅकवर भिस्त ठेवून आत डोकं घालू नका, खाली स्टँड लावाच. बसवताना आधी वरच्या मधल्या क्लिपा नुसत्या अडकवा, मग दोन्ही बाजूंनी खाली या, आणि सगळी भोकं जुळल्यावरच पिना दाबा. एक बाजू आधी पक्की केली की शेवटचं भोक हमखास जुळत नाही. नंतर गाडी चाकांवर उभी करून स्टिअरिंग दोन्हीकडे शेवटपर्यंत फिरवून पाहा, शक्य असेल तर माणसं बसवून. पुढचे ५०-१०० किलोमीटर झाले की चाकाचे नट पुन्हा तपासा आणि खाली वाकलाच आहात तर बंपरकडच्या त्या क्लिपा बोटानं हलवून बघा.