शब्दांचा वाटा ७ टक्के? हा हिशेबच चुकीचा

प्रशिक्षणवर्गांत आणि व्हॉट्सॲपवर एक दावा वर्षानुवर्षं फिरतोय: संवादात शब्दांचा वाटा ७ टक्के, आवाजाचा ३८ आणि देहबोलीचा ५५. म्हणून सहकारी अडचण सांगायला आला, की शब्दांत अडकू नका, चेहरा वाचा. हा सल्ला ऐकणाऱ्याला बिघडवतो, म्हणून हे लिहितोय.

‘संशोधनाने सिद्ध झालंय.’ काय सिद्ध झालंय ते बघा. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांनी १९६७ साली सहकाऱ्यांबरोबर दोन प्रयोग प्रसिद्ध केले. एकात सुटे शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकवले. दुसऱ्यात ‘मेबी’ हा एकच शब्द आणि सोबत चेहऱ्यांचे फोटो. बोलणाऱ्याच्या मनात आपुलकी आहे की नावड, एवढंच ओळखायचं होतं. दोन्हींचे निष्कर्ष जोडून हे टक्के निघाले. त्यातली ‘देहबोली’ म्हणजे फक्त फोटोतला चेहरा! आपलं सूत्र भावना आणि आवडनिवड यांपुरतंच आहे, हे मेहराबियन यांनी स्वतःच सांगून ठेवलंय.

‘चेहरा दिसला नाही तर निम्मं हरवतं.’ मग ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर समुपदेशक फोनवरून आधार कसा देतात? सूर महत्त्वाचा आहे, मान्य. पण अडचण नेमकी कोणती, हे सुरावरून कळत नाही.

‘नजर भिडवा, मान हलवा.’ हरकत नाही. मात्र वरिष्ठांशी बोलताना खाली बघणारी माणसं आपल्याकडे भरपूर आहेत. त्यांच्यावर नजर रोखली तर ती गप्पच होतात.

‘शब्द दुय्यम.’ इथे खरं नुकसान होतं. नवी शिक्षिका मुख्याध्यापकांना म्हणते, “सर, चौथीचा वर्ग सांभाळता येत नाही.” तिला शिकवण्याची रीत हवी आहे, दोन तास अनुभवी बाईंच्या वर्गात बसवा. तीच म्हणाली, “वर्ग सांभाळवत नाही,” तर रीत तिला ठाऊक असेल, त्राण उरलेलं नसेल. तिथे आधी कामाचं ओझं बघावं लागतं. चेहरा दोन्ही वेळा तसाच उतरलेला. मान डोलावत चेहराच वाचत बसलेल्या सरांच्या हातून नेमका हाच फरक सुटतो, आणि दमलेल्या बाईला आणखी एका प्रशिक्षणाला धाडलं जातं.

म्हणून तिचेच शब्द तिला परत विचारा: “सांभाळवत नाही म्हणालात, म्हणजे दमायला होतंय का?” ती “नाही सर, तसं नाही” म्हणाली, तर आपला अंदाज सोडा आणि पुढचं वाक्य तिला पूर्ण करू द्या.