चिखल कुठंय?

रविवारी सकाळी पावणेनऊला, माझ्याच सोसायटीच्या दारात, माझ्याच आई-बायको-मुलीदेखत, हेल्मेट घातलेल्या एका अनोळखी माणसाने मला विचारलं, "पण साहेब, चिखल कुठंय?"

आज मंगळवार. उत्तरं तशी तीन-चार सुचलीयत. पण ती सोमवारी पहाटे तीनला सुचली आणि तेव्हा तो समोर नव्हता.

झालं होतं इतकंच, की आमची अकरा वर्षांची हॅचबॅक मे महिन्यात चेंबरवर आपटली आणि तिचा चेंबर फुटला. पहिला चेंबर रस्त्यातला, ड्रेनेजचा. दुसरा इंजिनाखालचा, ऑइलचा. दोघांना एकच नाव देणाऱ्या मेकॅनिक जमातीला पुढचं सगळं आधीच दिसलं असणार. दरवर्षी रस्त्यावर डांबराचा नवा थर चढतो, झाकण मात्र जुन्याच पातळीवर राहतं, त्यामुळे आपण गाडी चालवत नसतो, विहिरी चुकवत असतो. विहिरी संपल्या की गतिरोधक. इंडियन रोड्स काँग्रेसने गतिरोधक कसा असावा ते लिहून ठेवलंय : उंची १० सेंटिमीटर, रुंदी ३.७ मीटर, हळूच चढून हळूच उतरणारा. आमच्या गल्लीतला एका रात्रीत झाला. उंची नियमाच्या दुप्पट आणि रुंदी जेवायच्या पाटाएवढी. त्यावरून जाताना गाडीच्या पोटाखालून खर्रर्र आवाज येतो आणि मागच्या सीटवरून आई दर वेळी "आई गं" म्हणते, जणू खरचटलंय तिलाच.

म्हणून ठरवलं, आता उंच गाडी. आणि उंचच घ्यायची तर मग डिझेल. आणि डिझेलच घ्यायची तर मग फोर-बाय-फोर, म्हणजे चारी चाकांनी ओढणारी. ही "तर मग" नेमकी कुठून आली, असं बायकोने तेव्हाच विचारलं होतं. मी ऐकू न आल्यासारखं केलं.

महिनाभर अभ्यास केला. दहावीला केला असता तर आज ही गाडी रोख घेतली असती. महिंद्रा थारच्या माहितीपत्रकात जमिनीपासूनची उंची २२६ मिलिमीटर आणि ६५० मिलिमीटर पाण्यातून जाण्याची क्षमता लिहिलेली आहे हे मला तोंडपाठ झालं. (रस्त्यात साचलेलं पाणी ६५० आहे की ६६० हे कळायला आधी खाली उतरावं लागतं, हा भाग वेगळा.) पण तीन दारांच्या गाडीत मागे शिरायचं म्हणजे पुढची सीट दुमडून वाकून जायचं, आणि आईच्या दोन्ही गुडघ्यांनी वाकायचं सोडून सहा वर्षं झाली. मग १५ ऑगस्ट २०२४ ला पाच दारांची थार रॉक्स आलीय हे कळलं म्हणून बरं वाटलं. स्कॉर्पिओ-एन बघितली. ती १९१७ मिलिमीटर रुंद आणि आमच्या पार्किंगमधल्या दोन खांबांत अंतर २४००. म्हणजे गाडी मधोमध लावली तर दोन्ही बाजूंना चोवीस-चोवीस सेंटिमीटर. तेवढ्या फटीतून दार उघडून बाहेर यायचं तर माणूस पोस्टकार्ड असावा लागतो. जिम्नी मला मनापासून आवडते, पण ती पेट्रोलवर, आणि मी तर डिझेलचं व्रत धरलेलं.

व्रत का, तर डिझेल स्वस्त. हे माझ्या डोक्यात वडिलांच्या काळापासून आहे. बायको म्हणाली, "डिझेलचे दर सरकारी बंधनातून २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये खुले झाले, तुझं डोकं अजून झालेलं नाही." ती बँकेत आहे. असल्या तारखा तिच्याकडे असतात.

तर रविवारी टेस्ट ड्राइव्हची गाडी दारात आली. कोणत्या कंपनीची ते सांगत नाही, त्या पोराची नोकरी आहे. पोरगा तेवीस-चोवीसचा, टाय लावलेला. माझ्याशी तो टॉर्कबद्दल बोलत होता आणि बायकोशी सनरूफबद्दल. तिने दोनदा विचारलं, "वळायला जागा किती लागते?" दोन्ही वेळा त्याने "मॅम, व्हॅनिटी मिरर इल्युमिनेटेड आहे" असं सांगितलं. घरातली गाडी रोज तीच चालवते हे सांगायला मी तोंड उघडलं होतं, पण तेवढ्यात तो म्हणाला, "सर, रोड प्रेझेन्स बघा," आणि मी बघत राहिलो. यावरून घरात अजून बोलणं चालू आहे. खरं तर बंद आहे.

आई खाली आली, गाडीच्या पायरीकडे बघितलं, मग वर बघितलं. म्हणाली, "ही गाडी आहे की माडी?" शेवटी वॉचमनची प्लॅस्टिकची खुर्ची आणली. खुर्चीवर एक पाय, पायरीवर दुसरा, वरून नात ओढतेय, खालून मी टेकू देतोय आणि वॉचमन खुर्ची धरून "आज्जी, घाबरू नका" म्हणतोय. आई वर पोहोचली आणि म्हणाली, "छान आहे. आता देवळापाशी उतरताना ही खुर्ची कुठून आणायची?" वॉचमन माझ्याकडे बघायला लागला. खुर्ची त्याची होती.

आईला एक चक्कर मारून आणली. ते ठीक झालं. परत आल्यावर मी म्हटलं, आपल्या पार्किंगमध्ये रिव्हर्सने लावून बघू. आपल्याकडे रिव्हर्सचा पांढरा दिवा लागला की जमिनीतून एक माणूस उगवतो. हा स्कूटरवर उगवला. त्याने ती रस्त्यात मधोमध स्टँडवर लावली, इंजिन चालूच ठेवलं. हुकाला दुधाच्या दोन पिशव्या आणि कोथिंबिरीची जुडी. डोक्यावर पूर्ण तोंड झाकणारं हेल्मेट, काच वर केलेली, त्यातून फक्त डोळे आणि मिशीचा वरचा काठ. ते हेल्मेट त्याने शेवटपर्यंत काढलं नाही. आजही तो रस्त्यात भेटला तर मी ओळखणार नाही, आणि याचाच मला सगळ्यात जास्त त्रास होतोय.

"येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या..."

पोरगा म्हणाला, "सर, कॅमेरा आहे."

"कॅमेऱ्यावर जाऊ नका. माझ्याकडं बघा. डावी तोडा. अजून तोडा. फुल्ल तोडा. येऊ द्या, लय जागा हाय, ट्रक बसंल..."

गाडीचा सेन्सर किंचाळत होता. मी माणसावर विश्वास ठेवला.

ढप्प.

"बास!" तो म्हणाला.

मागच्या दारावर लटकलेली स्टेपनी सेक्रेटरींच्या मोगऱ्याच्या कुंडीला लागली होती. तो वाकला, पंचनामा केला आणि जाहीर केलं, "गाडीला काय नाय. कुंडी गेली." पोरगा टायसकट पांढरा पडला.

इथे हा माणूस निघून जायला हवा होता. दूध तापत होतं. पण त्याने गाडीला प्रदक्षिणा घातली, बॉनेटवर थाप मारली, टायरला एक हलकी लाथ घातली आणि चौकशी सुरू केली. हेल्मेटमुळे त्याला ऐकू येत नव्हतं. त्यामुळे त्याची मुलाखत आणि माझी अब्रू दोन्ही ओरडून चालू होतं. पहिल्या मजल्यावरचे बाल्कनीत आले. मग दुसऱ्या.

"काय देते?"

"सर, सिटीत दहा-अकरा."

"किती?"

"दहा! अकरा!"

"रोजचं फिरणं किती तुमचं?"

"होतं की बरंच," मी म्हटलं.

"किती?"

मागून मुलगी ओरडली, "शाळा अडीच किलोमीटर! बाबांचं ऑफिस सहा!" आठवीतल्या मुलांना अंतरं इतकी अचूक का शिकवतात कळत नाही.

तो टाकीपाशी पोहोचला. डिझेलच्या झाकणाशेजारी दुसरं निळं झाकण. "हे कशाचं?"

"ॲडब्लू सर! युरियाचं पाणी असतं! धूर स्वच्छ होतो!"

"युरिया?" हेल्मेट क्षणभर गप्प झालं. "आमाला खरिपाला दोन गोण्यांसाठी लायनीत उभं राहावं लागतं. आन् हिला युरिया? हिला घालून पीक काय येतं?"

मी हसलो. म्हटलं, आता विषय माझ्या बाजूने वळवावा. गिअरशेजारचा दुसरा छोटा दांडा त्याला दाखवला आणि सकाळपासून पहिल्यांदाच अभिमानाने ओरडलो, "फोर-बाय-फोर! चारी चाकं ओढतात! चिखलात अडकत नाही!"

त्याने मान वळवून आधी पेव्हर ब्लॉक बघितले. मग सिमेंटचा रस्ता, इस्त्रीवाल्याची टपरी, गतिरोधक. पावसाने तीन दिवस उघडीप दिली होती, सगळं खडखडीत. आणि मग त्याने विचारलं ते वर सांगितलंच आहे.

तिसऱ्या मजल्यावरून कोणीतरी हसलं. कोण ते मला माहीत आहे.

तो मात्र हसला नाही. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. "मी वेल्ह्याकडचा," तो म्हणाला. "आमच्याकडं जूनपास्नं चिखलच. मामाची जीप होती. सतरा माणसं बसायची. अडकली की चौदा उतरायची आन् ढकलायची. कसली आलीय फोर-बाय-फोर." मग जरा विचार करून, "तुमाला चिखलच पायजे ना? चिखलणीला या. खाचरात घालू हिला. ट्रॅक्टरचं भाडं सुटंल माझं." माझ्या मुलीने उत्साहाने नंबर सांगितला. त्याने तिथल्या तिथे मिस्ड कॉल दिला, स्कूटरवर बसला आणि तीन चारचाकी आणि एक पाण्याचा टँकर मागे खोळंबले होते त्यांना "चला, चला" म्हणत निघून गेला.

कुंडी फुटल्यापासून तो विक्रीवाला पोरगा खरं बोलायला लागला होता. म्हणाला, "सर, तुमचं रनिंग कमी आहे म्हणून सांगतो. डिझेलच्या सायलेन्सरमध्ये डीपीएफ असतं, धुरातली काजळी धरून ठेवणारी जाळी. ती काजळी जाळायला खूप उष्णता लागते. अडीच किलोमीटरमध्ये गाडी तेवढी तापतच नाही. डॅशबोर्डवर तिचा दिवा लागला की हायवेला जाऊन साठच्या वर पंधरा-वीस मिनिटं एकसारखी चालवायची."

"आणि फोर-बाय-फोर?"

"ते कोरड्या रस्त्यावर टाकायचं नाही सर. वळताना पुढची चाकं जास्त अंतर कापतात, मागची कमी, मधे तो फरक सोसणारं डिफरन्शियल नाही, मग आतला ताण जायला जागा नसते. निसरड्यातच टाकायचं. पण महिन्यातून एकदा टाकायचंच, नाहीतर दांडा जाम होतो."

म्हणजे गाडी मला फिरवायला घ्यायची नव्हती, मी तिला फिरवायला घ्यायचा होता. आठवड्याला हायवेची हवा, महिन्याला चिखलाचं स्नान, वर युरियाचा काढा. घरात एक पथ्याचं माणूस आहे, तिच्या गोळ्या मला अजून पाठ नाहीत.

आणि आता जे सांगतोय त्यात विनोद नाही. घरी येऊन मी कराचा आकडा बघितला. जीएसटीच्या व्याख्येत एसयूव्ही म्हणजे इंजिन १५०० सीसीच्या वर, लांबी ४००० मिलिमीटरच्या वर आणि जमिनीपासूनची उंची १७० मिलिमीटर किंवा जास्त. असल्या गाडीवर आधी २८ टक्के कर आणि वर २२ टक्के सेस होता, असे ५०. २२ सप्टेंबर २०२५ पासून सरळ ४०. कमी झाला म्हणून पेढे वाटावेत तर छोट्या गाडीला १८ आहे. म्हणजे खड्डे मला फुकट मिळतात आणि त्यांच्यावरून जायची उंची चैन ठरते. लडाखला जायची हौस असेल त्याच्यावर जरूर लावा. पण मला फक्त आईला दवाखान्यात न्यायचंय, मधे तिने "आई गं" न म्हणता. ती चैन आहे? रस्त्यातलं झाकण रस्त्याच्या पातळीला बसवलं असतं तर मी हॅचबॅकवर अजून पाच वर्षं काढली असती, या माणसाला मी भेटलो नसतो आणि मोगराही जगला असता. कुंडीचे साडेतीनशे मी दिले. सेक्रेटरींनी पावती दिली, "वाहन अपघात" असं लिहून.

हे सगळं मी काल रात्री बायकोला आवाज चढवून सांगत होतो. तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "हे सगळं उंच गाडीचं झालं. दांड्याचं काय?"

दांड्याचं काय, ते मला सांगता येत नाही. तो हातात धरला की बरं वाटतं, एवढंच. पण एवढ्यासाठी पाच वर्षं हप्ते भरणार असं चाळिशी उलटलेल्या माणसाने बोलायचं नसतं. मग तो पाऊस म्हणतो, घाट म्हणतो, रीसेल म्हणतो.

पोरग्याचे कालपासून चार फोन येऊन गेले. बुकिंगचे एकवीस हजार, रिफंडेबल. मी "घरी विचारतो" म्हणतोय.

आज दुपारी ऑफिसात फोन वाजला. नंबर ओळखीचा नव्हता. डीपीवर बैलजोडी. खाली फोटो : गुडघाभर पाण्यात कालवलेलं, चमकणारं, काळंभोर खाचर, बांधावर भाताच्या रोपांच्या पेंढ्या. आणि त्याखाली मजकूर, "साहेब चिखल तयार हाय. कधी येताय."

मी अजून उत्तर दिलेलं नाही. दोन निळ्या खुणा मात्र त्याला दिसल्या असणार.