साउथॅम्प्टन म्हणजे नुसतं चेक-इन नव्हे!

क्रूझ इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टन बंदरातून असेल तर आदल्या दिवशी पोहोचा, आणि तो दिवस साउथॅम्प्टनलाच द्या. हे मी भेटेल त्याला सांगते.

बहुतेकांचा बेत ठरलेला असतो. मुक्काम लंडनला, बोटीच्या दिवशी सकाळी निघायचं, वाटेत जमलं तर स्टोनहेंज, म्हणजे ते प्राचीन दगडांचं वर्तुळ, उरकायचं आणि धावतपळत टर्मिनल गाठायचं. बोट संध्याकाळी सुटणार असली तरी चेक-इन बरंच आधी बंद होतं, आणि ट्रॅफिकमध्ये अडकलो म्हणून बोट थांबत नाही. सगळं लक्ष घड्याळाकडे. मग स्टोनहेंज तरी धड पाहून होतं का?

आणि शहर इतकं अप्रतिम आहे! मध्ययुगीन तटबंदीचा जवळपास निम्मा भाग अजून उभा आहे. बारगेट या जुन्या वेशीपासून सुरुवात करा आणि तटाच्या कडेकडेने पश्चिमेला चालत जा. तिथे भिंतीत कमानींची रांग लागते. जरा जवळ जाऊन बघा, मध्येच दगडांनी बुजवलेली दारं-खिडक्या दिसतील. ही व्यापाऱ्यांची घरं होती. 1338 साली फ्रेंचांनी समुद्रातून येऊन गाव लुटलं, जाळलं. त्यानंतर या घरांचे दर्शनी भाग बुजवून त्यांचाच तट केला गेला. ज्या दारांतून माल थेट धक्क्यावर जायचा, तीच बंद झाली. तेव्हा पाणी या भिंतीला लागून होतं; विसाव्या शतकात नव्या गोदीसाठी भराव घातला आणि समुद्र लांब गेला. तुमची बोट कदाचित त्याच भरावाच्या काठाला लागलेली असेल. मला तरी हे कुठल्याही राजवाड्यापेक्षा मोलाचं वाटतं.

इथेच वेस्टगेट ही तटातली दुसरी जुनी वेस आहे. 1415 साली इंग्लंडचा राजा पाचवा हेन्री याचं सैन्य फ्रान्सच्या स्वारीवर याच बंदरातून निघालं. 1620 मध्ये इंग्रज वसाहतकऱ्यांना अमेरिकेला नेणारं मेफ्लॉवर जहाजही आधी इथूनच सुटलं होतं, प्लिमथ नंतरचं.

टायटॅनिकचं नाव सगळ्यांना ठाऊक असतं, पण त्यावरचे बहुतेक कर्मचारी साउथॅम्प्टनचे होते हे फारसं कुणी सांगत नाही. शहरातली पाचशेहून जास्त माणसं त्या रात्री गेली. ईस्ट पार्कमध्ये इंजिनियरांचं स्मारक आहे, 1914 सालचं. बोटीवरचा एकही इंजिनियर वाचला नाही. आपणही बोटीवर चढणार असतो, खाली इंजिनरूममध्ये कुणीतरी राबणार असतं. तिथे दोन मिनिटं थांबलंच पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. वेळ उरला तर शहराचा आणि टायटॅनिकचा इतिहास सांगणारं सीसिटी म्युझियम जवळच आहे.

एक कामाची गोष्ट. इथे क्रूझची पाच टर्मिनल्स आहेत आणि ती सगळी एका जागी नाहीत. ओशन आणि क्वीन एलिझाबेथ टू एका बाजूला. सिटी, मेफ्लॉवर आणि होरायझन दुसऱ्या बाजूला. तिकिटावरचं नाव आदल्या रात्रीच नीट वाचून ठेवा आणि टॅक्सीवाल्याला टर्मिनलचं नाव सांगा. नुसतं ‘पोर्ट’ म्हणू नका.