कूलरच्या खिडकीला व्हर्टिकल ब्लाइंड नकोच

भाऊ, तुमची तक्रार थोडक्यात अशी: विदर्भातल्या घरांसाठीच्या ब्लाइंडवरचा लेख वाचून पश्चिमेच्या खिडकीला व्हर्टिकल ब्लाइंड, म्हणजे वरच्या चॅनलला (आडव्या पट्टीला) टांगलेल्या उभ्या पट्ट्यांचा पडदा, लावले. खोली मे महिन्यात होती तेवढीच तापली. वरून कूलर सुरू केला की पट्ट्या फडफडतात, दोन तर सुटून खाली आल्या. ‘हा शहरातला सल्ला आहे, खेड्यात चालत नाही.’

कूलरचं तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. विदर्भातल्या घराबद्दल लिहिताना कूलर सुटायलाच नको होता, ही लेखातली चूक. ज्या खिडकीत कूलर आहे तिथे हे ब्लाइंड लावूच नयेत. कूलरची हवा जिथून बाहेर पडते त्या समोरच्या खिडकीलाही कूलर सुरू असताना पट्ट्या एका बाजूला सारून ठेवाव्या लागतात. वाऱ्याने पट्टी पिळली जाते, पट्ट्यांना खालून जोडणारी मण्यांची साखळी आधी सुटते आणि मग सगळा ताण वरच्या प्लास्टिक हँगरवर, म्हणजे पट्टी अडकवायच्या आकड्यावर येतो. तुमच्या पट्ट्या कापडी असतील तर तुटलेला हँगरच तेवढा बदला, पट्टी तीच चालते.

उन्हाचं मात्र वेगळं आहे. ब्लाइंड काचेच्या आत असतो. ऊन काचेतून आत आल्यावर तो अडवतो, म्हणजे पट्ट्या तापतात आणि ती धग खोलीतच राहते. फिकट पट्टी थोडं ऊन परत बाहेर टाकते, गडद पट्टी जवळजवळ काहीच नाही. 45 अंशांच्या उन्हाला बाहेरच रोखावं लागतं: खिडकीपासून वीतभर अंतर सोडून बांबूचा तट्टा किंवा हिरवी नेट. ब्लाइंड कितीही भारी घेतला तरी ते काम त्याचं नाही.

मग तो लावायचा कुठे? छपरीकडे उघडणाऱ्या रुंद सरकत्या दाराला, आणि तेही पूर्वेला किंवा पश्चिमेला. मे महिन्यात आपल्याकडे दुपारचा सूर्य जवळपास डोक्यावर असतो, दक्षिणेच्या खिडकीला छज्जा पुरतो. तीननंतर मात्र सूर्य उतरत समोरून येतो आणि छज्ज्याखालून थेट आत घुसतो. उभी पट्टी इथे कामाची. पश्चिमेला तोंड करून उभं राहा: उन्हाळ्यात संध्याकाळचं ऊन थोडं उजवीकडून, म्हणजे उत्तरेकडून येतं. पट्ट्या अशा वळवा की फटीतून डावीकडचं, नैऋत्येचं अंगण दिसेल. धग राहिली तरी डोळ्यावर येणारं ऊन अडतं, उजेड राहतो, रस्त्यावरच्या माणसाला घर दिसत नाही. हिवाळ्यात सूर्य डावीकडे सरकतो, तेव्हा उलट वळवा.

आतल्या बाजूला उघडणाऱ्या लाकडी झडपा असतील तर विचार सोडून द्या, झडप पट्ट्यांत अडकणारच.

माप घेताना बहुतेक जण दाराचंच घेतात आणि फसतात. सारलेल्या पट्ट्यांचा गठ्ठा फूट-सव्वा फूट जागा खातो. 6 फुटी दाराला वरची चॅनल 7½ फूट घ्या: गठ्ठ्याच्या बाजूला सव्वा फूट, दुसरीकडे 3 इंच. गठ्ठा दाराच्या न हलणाऱ्या पल्ल्याकडे, येण्या-जाण्याच्या वाटेवर नको. उंची तीन ठिकाणी मोजा, सर्वांत कमी येईल ती धरा आणि त्यातून अर्धा इंच वजा करा. शहाबादी फरशी क्वचितच सपाट असते, एका टोकाला पट्टी घासली की खालचं वजन निसटतं.

7½ फुटांना चार ब्रॅकेट लागतात. सिमेंटच्या लिंटेलमध्ये (दारावरच्या आडव्या तुळईत) 8 मिमी भोक, प्लग आणि 2 इंची स्क्रू पुरतो. मातीच्या भिंतीत किंवा मातीत रचलेल्या विटांत प्लग धरत नाही, महिन्याभरात चॅनल लोंबकळते. तिथे आधी चौकटीला सागाची पट्टी ठोका आणि ब्रॅकेट तिच्यावर बसवा.

घरात कापूस साठवत असाल तर त्याच खोलीत ब्लाइंड नको. सरकीवरचे बारीक तंतू रनरच्या, म्हणजे चॅनलमध्ये सरकणाऱ्या तुकड्यांच्या, दात्यांत गुंततात, पट्ट्या वळेनाशा होतात, आणि तेव्हा पट्ट्या वळवायची साखळी जोरात ओढली की दाते जातात. दुसरी खोली नसेलच तर पंधरा दिवसांनी रंगाचा कोरडा ब्रश चॅनलमधून फिरवा. तेल मात्र घालू नका, तेलाला धूळ आणि तंतू दोन्ही चिकटतात.