परदेशातून : कार्ड कुठल्या राज्याचं, आणि झडप किती मिलिमीटरची?

महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना लागू करायचं ठरवलं आणि कर्नाटक सरकारने त्यावर आक्षेप घेतला. तेव्हापासून बेळगाव, खानापूर, निपाणीकडे आजारपणाचा विषय निघाला की बोलणं योजनेच्या कार्डावर येतं. वाद खरा आहे, त्यामागचं दुःखही खरं आहे. पण इंग्लंडमध्ये बसून हृदयाच्या झडपांचेच रुग्ण रोज पाहताना वाटतं, की एका आजारापुरता तरी हा वाद चुकीच्या दारावर थाप मारतोय. तो आजार म्हणजे महाधमनीची झडप अरुंद होणं, आणि त्यावरचा नवा उपाय म्हणजे छाती न उघडता, मांडीतल्या रक्तवाहिनीतून झडप बसवणं. डॉक्टर त्याला टावी म्हणतात.

हिशोब साधा आहे. दोन्ही राज्यांच्या योजनांची नेहमीची मर्यादा कुटुंबामागे वर्षाला जास्तीत जास्त ५ लाख रुपये. टावीच्या नुसत्या झडपेलाच त्याहून जास्त पैसे पडतात आणि खासगी रुग्णालयातलं बिल साधारण १५ ते २५ लाखांच्या घरात जातं. म्हणजे कार्ड इकडचं असो की तिकडचं, शेत विकायची वेळ टळत नव्हती. महाराष्ट्राने २०२५ मध्ये टावीसारख्या महागड्या उपचारांसाठी या मर्यादेपेक्षा जास्त रक्कम द्यायचं ठरवलं, पण मूळ प्रश्न किमतीचाच आहे. २०१७ मध्ये केंद्राने स्टेंटच्या किमतीवर कमाल मर्यादा आणली, तशी या झडपेवर नाही. वापीच्या मेरिल कंपनीची मायव्हाल ही झडप आता आपल्याच देशात बनते. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अनेक देशांत झालेल्या चाचणीत ३० दिवसांच्या निकालांत ती परदेशी झडपांना कमी पडली नाही. मग किमतीची मागणी दोन्ही बाजूंच्या लोकप्रतिनिधींनी एकत्र का करू नये? इथे तरी सीमा आड येत नाही.

इंग्लंडमध्ये रुग्णाला बिल येत नाही, हे खरं. पण म्हणून टावी मागेल त्याला मिळते असंही नाही. इथल्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार शस्त्रक्रियेचा धोका कमी किंवा मध्यम असेल तर आधी शस्त्रक्रियाच. टावी ही धोका जास्त असलेल्यांसाठी किंवा ज्यांना शस्त्रक्रिया झेपणारच नाही त्यांच्यासाठी. कारण उघड सांगितलंय: झडपेची किंमत बघता बाकीच्यांमध्ये तो खर्च परवडत नाही. त्याच वर्षीच्या युरोपच्या सूचनांनी मात्र वयाची रेघ ७५ वर ओढली, त्यापुढे बहुतेकांना टावी; २०२५ मध्ये ती रेघ ७० वर आली. आणि इथली रांग लांब आहे. १८ आठवड्यांत उपचार सुरू व्हावेत असा नियम आहे, तो पाळला जातोच असं नाही. हा आजार रांगेत उभं राहण्यासारखा नव्हे: लक्षणं दिसू लागल्यावर झडप बदलली नाही तर निम्मे रुग्ण साधारण दोन वर्षांत जातात. बेळगावात पैसे असले तर पुढच्या आठवड्यातही तारीख मिळते. मिळत नाही ती बैठक. इथे हृदयरोगतज्ज्ञ, हृदयशल्यविशारद, भूलतज्ज्ञ आणि सीटी स्कॅन वाचणारे डॉक्टर एका टेबलाशी बसून एकेका रुग्णाचं ठरवतात. आपल्याकडे बऱ्याचदा ज्याच्या दारात रुग्ण पहिला जातो, त्याचाच उपाय ठरतो.

निरोगी माणसात ही झडप ३ ते ४ चौरस सेंटिमीटर उघडते. १ च्या खाली आली, रक्ताचा वेग सेकंदाला ४ मीटरच्या वर गेला, झडपेच्या दोन बाजूंमधला सरासरी दाबफरक पाऱ्याच्या ४० मिलिमीटरच्या पुढे गेला, की आजार तीव्र. हे सगळं इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत दिसतं, पण इको करायचं कुणाच्या मनात आलं तर. चढावर धाप लागते, छातीत आवळतं, उसाच्या फडात उभ्याउभ्या चक्कर येऊन माणूस पडतो, आणि घरात म्हणतात, "आता वय झालं, हे व्हायचंच." गावच्या दवाखान्यात छातीला स्टेथोस्कोप लावून उजवीकडे वरच्या बाजूला कर्कश आवाज ऐकला तर निदान तिथेच सुरू होतं. नाही ऐकला तर छातीत दुखतंय म्हणून जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवली जाते, आणि अरुंद झडपेच्या रुग्णाचा रक्तदाब त्या एका गोळीने धाडकन कोसळू शकतो. अशा रुग्णाने ती गोळी स्वतःच्या मनाने घेऊ नये.

बायकांच्या बाबतीत आणखी एक चूक होते. हृदय लहान, भिंती जाड, रक्ताचा प्रवाह कमी. त्यामुळे झडप पुरती दगड झालेली असूनही दाबफरक ३० च दिसतो आणि "मध्यम आहे, सहा महिन्यांनी या" असं सांगितलं जातं. अशा वेळी डाय (शिरेतून देतात ते रंगद्रव्य) न देता काढलेल्या सीटीत झडपेवरचा कॅल्शियम मोजतात. पुरुषांत २००० आणि बायकांत १२०० च्या वर अंक आला तर आजार बहुधा तीव्रच. अहवालात हा अंक नसेल तर मागा.

टावीचा खरा निर्णय होतो तो डाय देऊन काढलेल्या सीटीवर. त्यात झडपेच्या कड्याचं क्षेत्रफळ आणि परीघ, हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांची तोंडं कड्यापासून किती उंचीवर आहेत, आणि मांडीची धमनी किती रुंद आहे हे मोजतात. उंची १० ते १२ मिलिमीटरच्या खाली असेल तर जुन्या झडपेची पाकळी वर ढकलली जाऊन धमनीचं तोंड बंद व्हायची भीती. मांडीतली वाट साडेपाच मिलिमीटरच्या आसपास तरी हवी, नाहीतर नळी घालताना धमनी फाटते. झडप मापापेक्षा लहान बसली तर बाजूने गळते, मोठी बसली तर कडं फुटू शकतं, आणि फुटलं तर वाचणं कठीण. म्हणून "सीटी नको, इकोवरच करू" असं कुणी म्हणालं तर तिथून उठावं.

प्रत्यक्ष काम तास-दीड तासाचं. मांडीत सुई, नळी, ताठ तार डाव्या कप्प्यात. उजव्या कप्प्यात तात्पुरत्या पेसमेकरची तार. फुग्यावरची झडप उघडताना हृदय मिनिटाला १८० ते २०० ठोक्यांवर पळवतात, म्हणजे काही क्षण रक्ताचा झोत थांबतो आणि झडप जागेवरून सरकत नाही. नायटिनॉल या मिश्रधातूची स्वतः उमलणारी झडप हळूहळू सोडतात, चुकली तर पुरती सुटण्याआधी मागे घेता येते. मात्र तिच्यात कायमचा पेसमेकर लागण्याचं प्रमाण जास्त, कारण ठोक्यांची वीज वाहणारा धागा झडपेच्या अगदी खालून जातो आणि तिची चौकट त्याला दाबते. ईसीजीत आधीपासून या धाग्याच्या उजव्या शाखेत अडथळा दिसत असेल तर हा धोका आणखी वाढतो.

इथेच आपल्याकडची अंतरं आठवतात. खानापूर तालुक्यातल्या जांबोटीचा रुग्ण ५०० किलोमीटरवरच्या बेंगळुरूला जाऊन तिसऱ्या दिवशी गावी परततो. ठोके बंद पडण्याचा अडथळा मात्र चौथ्या-पाचव्या दिवशीही येऊ शकतो, आणि पावसाळ्यात त्या रस्त्यावर रुग्णवाहिका किती वेळात पोचेल? ईसीजी बदलला असेल तर आठवडाभर शहरात राहायची सोय करावी, त्याचा खर्च आधीच धरावा.

पन्नाशीतल्या माणसाने टावीसाठी कर्ज काढू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. टावीची झडप प्राण्याच्या पडद्याची असते, ती साधारण १० ते १५ वर्षं टिकते. पन्नाशीत शस्त्रक्रियेने यांत्रिक (मेकॅनिकल) झडप बसवून आयुष्यभर रक्त पातळ करायची गोळी आणि रक्त किती पातळ झालं ते दाखवणारी आयएनआर तपासणी हा जुना मार्गच बरा, आणि ती शस्त्रक्रिया योजनेत बसते. शिवाय आपल्याकडे "झडप अरुंद" म्हणजे नेहमी म्हाताऱ्यांचाच आजार नसतो. लहानपणच्या सांधेतापाने तिशीतल्या बाईची मायट्रल झडप, म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली झडप, आवळली जाते. इंग्लंडमध्ये असा रुग्ण क्वचित दिसतो, म्हणून इथल्या चर्चा तिकडे जशाच्या तशा लागू पडत नाहीत. त्या बाईला टावी नको, झडप योग्य असेल तर ती फुग्याने मोकळी करणं पुरतं, ते कितीतरी स्वस्त. पुढे दर २१ दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन चुकवायचं नाही.

दातांचं राहिलं. मिश्री लावणाऱ्या आणि तंबाखू खाणाऱ्या तोंडातून जंतू रक्तात जातात आणि नव्या झडपेवर बसतात. झडप बसवण्याआधी दात तपासून किडके काढून घ्यावेत. नंतर कधीही दात काढायचा झाला तर त्याआधी अर्धा ते एक तास २ ग्रॅम अमॉक्सिसिलिन, पेनिसिलिन चालत असेल तर.

संमतीपत्राच्या भाषेचंही बोलायला हवं. इंग्लंडमध्ये मराठी आजीसाठी दुभाषा मिळतो. बेळगावात कन्नड किंवा इंग्रजी कागदावर मुलगा सही करतो आणि आजीला पेसमेकरचं नाव शस्त्रक्रियेनंतर कळतं. फलकांच्या भाषेवरून इतकी भांडणं होतात तिथे, सही करण्याआधी पेसमेकर, पक्षाघात आणि गळतीचा धोका आजीला तिच्या बोलीत सांगून, तिच्याकडून परत म्हणवून घ्यायला एक परिचारिका आणि पंधरा मिनिटं लागतात.