द्विबंधातले इलेक्ट्रॉन आधीच सरकून बसलेले नसतात

बेळगाव-खानापूरकडच्या पीयूसीच्या (अकरावी-बारावीच्या) मुलांच्या मोबाइलवर एक टिपण फिरतंय: ‘असंतृप्त संयुगात पाय इलेक्ट्रॉन कायम एका बाजूला सरकलेले असतात, हाच इलेक्ट्रोमेरिक परिणाम. अल्कीनमध्ये तो प्लस, कार्बोनिलमध्ये मायनस. इलेक्ट्रॉन नेहमी जास्त हायड्रोजनवाल्या कार्बनकडे जातात.’ (पाय इलेक्ट्रॉन म्हणजे द्विबंधातल्या दुसऱ्या, सैल बंधाची जोडी; अल्कीनमध्ये द्विबंध कार्बन-कार्बनमध्ये असतो, कार्बोनिलमध्ये कार्बन-ऑक्सिजनमध्ये.) दहावीपर्यंत मराठीत शिकलेल्या पोरांच्या हातात पीयूसीला एकदम इंग्रजी पुस्तक पडतं. मग ती असल्या चार ओळींच्या भरवशावर सीईटीला बसतात. मी टिळकवाडीत शिकवणी घेतो, मला हे बघवत नाही.

सगळ्यात घातक शब्द ‘कायम’. इथीन घ्या. दोन्ही कार्बन सारखे, द्विध्रुव आघूर्ण, म्हणजे भार एका बाजूला झुकल्याचं माप, शून्य. इलेक्ट्रॉन एका कार्बनकडे सरकून बसले असते तर ते शून्य आलंच नसतं. इलेक्ट्रोमेरिक परिणाम तात्पुरता असतो: अभिकारक, म्हणजे अभिक्रिया घडवणारा रेणू किंवा आयन, जवळ आला की पाय बंधातली अख्खी जोडी एका अणूकडे जाते, आणि तो काही न करता दूर गेला तर जोडी परत जागेवर येते. कायमचे असतात ते इंडक्टिव्ह परिणाम (एकेरी बंधातले इलेक्ट्रॉन एका अणूकडे ओढलेले असणं) आणि रेझोनन्स (इलेक्ट्रॉन अनेक अणूंवर पसरलेले असणं). बेंझीन बाटलीत नुसतं पडून असलं तरी रेझोनन्समुळे त्याचे सहाही कार्बन-कार्बन बंध सुमारे 139 पिकोमीटरचेच असतात. टिपण लिहिणाऱ्यानं हे सगळं एकत्र कालवलंय.

प्लस-मायनस ही संयुगाची जात नव्हे. जोडी ज्या अणूकडे गेली त्यालाच अभिकारक जोडला गेला तर प्लस, दुसऱ्याला जोडला गेला तर मायनस. प्रोपीनवर हायड्रोजन ब्रोमाइडमधला प्रोटॉन आला की जोडी टोकाच्या कार्बनकडे जाते आणि प्रोटॉनही तिथेच बसतो. हा प्लस. आता ॲक्रिलोनायट्रिल बघा, त्यातही कार्बन-कार्बन द्विबंधच आहे. त्यावर मेथॉक्साइड हा ऋण आयन आला तर तो टोकाच्या कार्बनला चिकटतो आणि जोडी सायनो (CN) गटाशेजारच्या कार्बनकडे जाते. हा मायनस. वर्गात मी ही दोन्ही उदाहरणं फळ्यावर शेजारी शेजारी काढतो, बाणांसकट.

तिसरं विधानही इथेच कोसळतं. ॲक्रिलोनायट्रिलच्या टोकाला दोन हायड्रोजन आहेत, सायनो गटाशेजारच्या कार्बनवर एकच, तरी जोडी त्या एकवाल्याकडेच गेली, कारण तिथला ऋणभार सायनो गट वाटून घेतो. प्रोपीनमध्ये जोडी टोकाकडे जाते ती मधल्या कार्बनवरचा धनभार जास्त स्थिर असतो म्हणून. हायड्रोजन मोजणं ही आठवणीची खूण झाली, कारण नव्हे.

पेरॉक्साइड असताना हायड्रोजन ब्रोमाइड उलटा जोडला जातो, तो प्रकार निराळा. तिथे जोडी फुटते, एकेक इलेक्ट्रॉन सरकतो. इलेक्ट्रोमेरिक परिणामाचा तिथे संबंधच येत नाही.