आपले वकील कुठे गेले?
लेख आवडला, पण त्यात म्हटलंय तसं परक्या दरबारात कायमचा माणूस ठेवायची पद्धत आपल्याकडे इंग्रजांनी आणली हे काही पटलं नाही. पेशवाईत अशा माणसाला वकील म्हणायचे, कोर्टातला नव्हे, राजदूतच. दिल्लीत हिंगणे घराण्यातले वकील होते, निजामाकडे गोविंदराव काळे, आणि ही मंडळी तिथेच राहून कोण कोणाला भेटलं, कोणाचं बिनसलं, फौज कुठे निघाली असं सगळं बारीकसारीक मोडी लिपीत लिहून पुण्याला पाठवायची, ती पत्रं आजही वाचायला मिळतात. उलट इंग्रजांचा असा वकील, मॅलेट, पुण्यात पार १७८६ ला आला, मुळा-मुठेच्या संगमावर त्याची रेसिडेन्सी, म्हणजे राहायची नि कामाची जागा, होती, तीच १८१७ च्या खडकीच्या लढाईत जाळली गेली. शाळेत यातलं काहीच शिकवत नाहीत याचं खरंच वाईट वाटतं. हिंगण्यांवर एक वेगळा लेख लिहाच प्लीज.